मचाणावरचा गोटा आणि ५५ मीटरचा चकवा

गणित असं आहे. वावराच्या मधोमध मचाण. जागलीवर बसलेल्या माणसाला धुऱ्यापलीकडे डुकरांची हालचाल दिसते आणि तो गोफण फिरवतो. गोटा सुटतो तेव्हा जमिनीपासून ५ मीटर उंच असतो, वेग सेकंदाला २५ मीटर, दिशा आडव्या रेषेच्या वर ३० अंश. वावर सपाट. गोटा किती वेळाने आणि किती लांब पडेल? वाटेत ५० मीटरवर ६ मीटर उंचीची बाभूळ आहे, तिच्या शेंड्यावरून तो जाईल का?

अकरावीच्या पुस्तकी गणितांत कडा असतो, तोफ असते, फार तर क्रिकेटचा चेंडू असतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव-कळंबकडच्या पोराने कडा पाहिलेला नसतो, पण मचाणावर तो चढलेला असतो. म्हणून प्रोजेक्टाइल, म्हणजे फेकलेल्या वस्तूची वाट, शिकवताना आम्ही हेच गणित घेतो आणि ते एका तासात उरकत नाही. दोन तास जातात, आणि जावेत.

पहिली दहा मिनिटं फळ्यावर एकही सूत्र येत नाही, फक्त आकृती. इथेच पहिली चूक निघते. मचाणाच्या फळ्या ३.३ मीटरवर आहेत म्हटलं की निम्मा वर्ग उंची म्हणून ३.३ लिहितो. गोटा फळीवरून सुटत नाही. माणूस उभा आहे, गोफण डोक्यावर फिरते आहे, सुटण्याची जागा फळीच्या वर आणखी १.७ मीटर आहे. ३.३ आणि १.७ मिळून ५. गणितात ‘उंची’ हा शब्द आला की कशापासून कशापर्यंत, हे बाणाने दाखवल्याशिवाय पुढे जायचं नाही.

दुसरी अडचण भाषेची. दहावीपर्यंत मराठीत शिकलेलं पोरगं अकरावी सायन्सला एकदम इंग्रजी वाक्यांसमोर उभं राहतं. ‘थ्रोन हॉरिझॉन्टली’ म्हणजे उभ्या दिशेचा सुरुवातीचा वेग शून्य. ‘ड्रॉप्ड’ म्हणजे नुसता सोडला, कुठलाच वेग दिला नाही. मात्र चालत्या गाडीतून सोडला असेल तर गाडीचा आडवा वेग त्याच्याकडे आधीच आहे. हे दोन शब्द किंमत न लिहिता किंमत सांगून जातात. ‘दिलेलं’ या रकान्यात तो शून्य लिहून ठेवला की अर्धं काम होतं. न लिहिणारा पुढे एक माहिती कमी पडते म्हणून अडून बसतो.

आता मूळबिंदू आणि चिन्हं. मूळबिंदू गोटा सुटतो तिथे, वरची दिशा धन, पुढची दिशा धन. एकदा ठरवलं की गणित संपेपर्यंत बदलायचं नाही. मग गुरुत्वत्वरण, म्हणजे जी, उणे ९.८, आणि गोटा जमिनीवर पोचतो तेव्हा त्याचं उभं विस्थापन उणे ५. ही दोन उणे चिन्हं जागेवर बसली तर बाकीचं गणित हमालीचं आहे. आमची पोरं बोलताना दर वाक्याला ‘जी’ लावतात आणि वहीत नेमकं त्याच जी पुढचं उणे विसरतात.

वेगाचे दोन भाग करायचे. आडवा भाग २५ गुणिले कॉस ३०, म्हणजे २१.६५. उभा भाग २५ गुणिले साईन ३०, म्हणजे १२.५. कोन आडव्या रेषेपासून दिला आहे म्हणून कॉस आडव्याला. उभ्या रेषेपासून दिला असता तर उलट झालं असतं. ‘आडव्याला कॉस’ असं पाठ करणारे तिथे हमखास आपटतात. कोनाला चिकटलेल्या बाजूला कॉस, एवढं लक्षात ठेवलं की दोन्हीकडे चालतं. घरी मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर साईन ३० चं उत्तर उणे ०.९८८ आलं तर तो रेडियनवर आहे. गोटा वर फेकलाय आणि उभा वेग उणे येतोय, एवढ्यावरूनही ते कळायला हवं.

खरा मुद्दा पुढे आहे: हे दोन भाग एकमेकांची दखल घेत नाहीत. आडव्या दिशेला ओढणारं कोणी नाही (हवा तूर्त बाजूला ठेवू), म्हणून २१.६५ शेवटपर्यंत २१.६५ राहतो. उभा वेग दर सेकंदाला ९.८ ने उतरत जातो. दोघांमध्ये सामाईक फक्त वेळ. गॅलिलिओने १६३८ साली छापलेल्या ग्रंथात हीच फोड करून वाट पॅराबोलाची (अन्वस्ताची) असते हे दाखवलं. पटत नसेल तर दोन नाणी घ्या. टेबलाच्या काठावरून एक टिचकीने उडवा, दुसरं त्याच क्षणी नुसतं सोडा. टेबल ७५ सेंटिमीटर उंच असेल तर दोन्ही नाणी ०.३९ सेकंदात खाली येतात आणि ‘टक्’ असा एकच आवाज येतो. दोन आवाज आले तर चूक बोटाची: टिचकी तिरपी बसली आणि नाणं आधी थोडं वर उडालं.

म्हणून वेळ काढायचा तो उभ्या दिशेवरून (टी म्हणजे वेळ, ४.९ म्हणजे ९.८ चं अर्धं):

−५ = १२.५ टी − ४.९ टी²

सगळं एका बाजूला घेतलं की ४.९ टी² − १२.५ टी − ५ = ०. वर्गसमीकरणाच्या सूत्रात वर्गमुळाखाली येतं १५६.२५ अधिक ९८, म्हणजे २५४.२५. बोर्डाच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं, म्हणून इथे लॉगच घ्यायचा. २५४.२५ चा लॉग २.४०५२, त्याचं अर्धं १.२०२६, अँटिलॉग १५.९४ च्या पुढे-मागे. आधी नजरेने अंदाज घ्यावा: १६ चा वर्ग २५६, म्हणजे उत्तर १६ च्या जरासं खाली हवं. अँटिलॉगमध्ये दशांश चिन्ह सरकून १.५९४ आलं तर ते या अंदाजामुळे लगेच पकडलं जातं. वेळ = (१२.५ + १५.९४५) ÷ ९.८ = २.९० सेकंद.

दुसरं मूळ उणे ०.३५ सेकंद येतं. ‘वेळ उणे नसतो’ म्हणून ते खोडून टाकायची रीत आहे. खोडा, पण ते काय सांगतंय तेही ऐका. हाच गोटा याच वाटेने थेट जमिनीवरून आला असता, तर सुटण्याच्या उंचीला येण्याआधी ०.३५ सेकंद तो जमिनीवर असता. समीकरणाला मचाण माहीत नाही. ते पूर्ण पॅराबोला काढतं आणि जमिनीला तो जिथे जिथे छेदतो त्या दोन्ही वेळा देतं.

उणे ५ ऐवजी अधिक ५ लिहिलं तर काय होतं तेही फळ्यावर करून दाखवावं. वर्गमुळाखाली १५६.२५ वजा ९८ येतं आणि वेळा निघतात ०.५० आणि २.०५ सेकंद. दोन्ही धन. इथे मागच्या बाकावरून हमखास विचारणा होते, “मग यातला कोनता घ्याचा जी, सर?” कोणताच नाही. गोटा सुटण्याच्या जागेच्याही ५ मीटर वर असतो त्या या दोन वेळा आहेत, एकदा चढताना, एकदा उतरताना. उंचीवरून खाली पडणाऱ्या वस्तूच्या गणितात दोन्ही मुळं धन आली तर चिन्ह चुकलं, ही खूण पक्की.

अंतर = २१.६५ × २.९०२६ = ६२.८ मीटर.

पडताळणी तुकड्यांनी करावी. माथ्यापर्यंतचा वेळ १२.५ ÷ ९.८ = १.२७६ सेकंद. सुटल्यापासून माथ्याची उंची १५६.२५ ÷ १९.६ = ७.९७ मीटर, जमिनीपासून १२.९७. तिथून खाली यायला, नुसतं पडायला लागतो तेवढाच वेळ लागतो: १.६२७ सेकंद. बेरीज २.९०. जुळलं. आणखी एक पडताळणी ऊर्जेची: आपटतानाच्या वेगाचा वर्ग = ६२५ + ९८ = ७२३, म्हणून वेग २६.९. घटकांवरून काढला तरी ४६८.७५ + २५४.२५ = ७२३. कोन मात्र ऊर्जेतून मिळत नाही, त्यासाठी १५.९४५ ला २१.६५ ने भागून टॅनचा कोन काढायचा, तो येतो ३६.४ अंश. फेकताना ३० आणि पडताना ३६.४. जमीन खाली असल्यामुळे पडतानाचा कोन जास्त तिरका.

आता ज्याच्यासाठी हे गणित मुद्दाम घेतो ती गोष्ट.

वर्गात चार-पाच जण तरी वेळ न काढता एका ओळीत उत्तर देतात. रेंजचं, म्हणजे किती लांब पडेल याचं, सूत्र: वेगाचा वर्ग गुणिले साईन दोन थीटा (थीटा म्हणजे फेकीचा कोन), भागिले जी. ६२५ × ०.८६६ ÷ ९.८ = ५५.२ मीटर. हे उत्तर चूक आहे, कारण ते सूत्र सुटण्याची आणि पडण्याची उंची सारखी असेल तेव्हाचं. ५५.२ मीटरवर गोटा जमिनीला टेकत नाही, सुटण्याच्या उंचीला, जमिनीपासून ५ मीटर वर, हवेत असतो. तिथून पुढे ७.६ मीटर त्याचा प्रवास उरलेला असतो.

इथवर ठीक. पण यातलं एखादं पोरगं खरंच वावरात गोफण घेऊन टेप लावेल, आणि ते ५५ मीटर मोजून येईल. मग शिक्षकाचं ६२.८ चूक आणि त्याचं ५५.२ बरोबर?

बाजूला ठेवलेली हवा इथे परत आत घ्यावी लागते. काळ्या दगडाचा ४ सेंटिमीटर व्यासाचा गोल गोटा घेऊ, वजन साधारण ९७ ग्रॅम. सेकंदाला २५ मीटर वेगाने जाताना हवेचा अडथळा जवळपास ०.२३ न्यूटन येतो (हवेची घनता १.१५, गोलाचा अडथळा गुणांक ०.५ धरून). गोट्याचं स्वतःचं वजन ०.९५ न्यूटन. म्हणजे वजनाच्या पावपट ओढ मागे. हे दुर्लक्ष करण्याजोगं नाही.

याला सरळ सूत्र नाही, पायरीपायरीने जावं लागतं. पाव सेकंदाची एक पायरी. प्रत्येक पायरीला त्या वेळचा वेग घ्यायचा, त्यावरून अडथळा, अडथळ्यावरून त्वरण, त्वरणावरून नवा वेग, मग नवी जागा. अडथळा वेगाच्या वर्गाने बदलतो आणि नेहमी वेगाच्या उलट दिशेला असतो, म्हणून वर जाताना तो गुरुत्वाला हातभार लावतो आणि खाली येताना त्याला आडवा येतो. पहिल्या पायरीत आडवं त्वरण उणे २.०, उभं उणे ११.० निघतं. अकरा-बारा पायऱ्यांत गोटा जमिनीला टेकतो. वहीच्या दोन पानांचं काम आहे. पायरीच्या सुरुवातीचा वेग वापरण्याऐवजी मधला वेग वापरला तर उत्तर बरंच सुधारतं.

उत्तर येतं साधारण ५५ मीटर.

म्हणजे चुकीच्या जागी लावलेल्या सूत्राने ५ मीटरची उंची विसरून गाळलेलं अंतर आणि हवेने खाल्लेलं अंतर, दोन्ही जवळजवळ सारखं निघालं. चुका एकमेकींवर बेतल्यासारख्या बसल्या. हा चकवा आहे. रात्री वावरात चकवा लागला की माणूस चालत राहतो आणि फिरून त्याच बाभळीपाशी येतो म्हणतात, तसंच हे: आकडा ओळखीचा वाटला म्हणून वाट बरोबर आहे असं नाही. हाच गोटा ४ सेंटिमीटरऐवजी ६ चा घेतला, तर तो जड होतो, हवेचा परिणाम कमी होतो आणि जुळणी मोडते. मचाण उंच केलं तरी मोडते. सूत्रातलं ५५.२ मात्र हलत नाही, कारण त्या सूत्राला मचाणही दिसत नाही आणि गोट्याचा आकारही.

बाभळीचा प्रश्न इथे जास्त बोलका होतो. हवा नसताना ५० मीटरवर पोचायला ५० ÷ २१.६५ = २.३१ सेकंद. तेव्हाची उंची ५ + २८.८७ − २६.१३ = ७.७३ मीटर. कागदावर गोटा शेंड्याच्या पावणेदोन मीटर वरून जातो. हवा धरली तर तो तिथे चारेक मीटर उंचीवर असतो, म्हणजे सरळ फांद्यांत. अंतरात फरक बारा टक्क्यांचा दिसतो, पण वाट शेवटी तिरकी उतरत असल्यामुळे झाडापाशी उंची निम्मी होते. परीक्षेत ‘हवेचा अडथळा धरू नका’ लिहिलेलं असतं, तिथे ७.७३ च लिहायचं. जागलीवरच्या माणसाला विचाराल तर तो बाभळीच्या बाजूने फेकेल.

कोन किती असावा, हेही याच गणितात उरकून घेता येतं. ‘सगळ्यात लांब ४५ अंशाला’ हे सगळ्यांना पाठ असतं. उंचीवरून फेकताना ते बरोबर नाही. कोनाचा टॅन = फेकण्याचा वेग ÷ आपटण्याचा वेग, इथे २५ ÷ २६.९, म्हणजे ४२.९ अंश. अंतर ६८.६ मीटर. ४५ अंशाला ६८.४. फरक एका वितीपेक्षाही कमी. तत्त्व म्हणून महत्त्वाचं, गोफणीला काडीचाही फरक नाही.

एक बारीक खोच. जी ९.८ म्हणजे ४९ छेद ५. म्हणून गणितं घालणारे ४.९, १९.६, ४४.१, ७८.४ मीटर अशा उंच्या घेतात: आडव्या फेकीला वेळ बरोबर १, २, ३, ४ सेकंद येतो. ९० सेंटिमीटरला तो नेमका ३/७ सेकंद. प्रवेश परीक्षेच्या प्रश्नात जी १० दिला असेल तर १० च घ्यायचा. आपल्या गणितात त्याने ६२.८ चं ६१.७ होतं आणि पर्याय जवळजवळ असतील तर उत्तर हुकतं. नागपूरच्या अक्षांशावर खरा जी ९.७९ च्या आसपास आहे, पण तेवढ्याने गोट्याचं काही बिघडत नाही.

दुसऱ्या दिवशीचं काम विहिरीवर. ज्याच्या वावरात मोटर आहे आणि दिवसा लाईन आहे, त्याच्याकडे. इथे गणित उलटं: पडण्याची जागा मोजायची आणि वेग काढायचा. पाण्याला हवेचा त्रास इतक्या कमी वेगाला आणि अंतराला जाणवत नाही, त्यामुळे फळ्यावरचं गणित इथे जसंच्या तसं लागू पडतं.

सामान: टेप, ओळंबा, गवंड्याची पाणसळ, दोनशे लिटरचा ड्रम, मोबाइलमधलं घड्याळ. पाइपाचं शेवटचं दीड-दोन मीटर टोक आडवं बांधायचं, दोन ठिकाणी टेकू देऊन, पाणसळ लावून. टोकाच्या जवळ एल्बो (वळणाचा जोड) नको; वळणानंतर पाणी पिळा घेत बाहेर पडतं. पाइपाच्या तोंडाच्या मध्यापासून पाणी पडतं त्या पातळीपर्यंतची उंची मोजायची, समजा ९० सेंटिमीटर. तोंडाखाली ओळंबा सोडून तिथपासून धारेच्या मध्यापर्यंतचं आडवं अंतर, समजा १.३० मीटर. धार आपटते तिथे शिंतोडे उडतात आणि मध्य सापडत नाही, म्हणून त्या पातळीला एक पाटी आडवी धरून ओली होणारी पहिली आणि शेवटची कड खडूने खुणावतो आणि मधली जागा घेतो.

वेळ ३/७ सेकंद, म्हणून वेग १.३ × ७ ÷ ३ = ३.०३ मीटर दर सेकंदाला. आता पाइपाचा आतला व्यास. पाइपावर ६३ मिलिमीटर छापलेलं असतं ते बाहेरचं माप. आतून पट्टी लावली तर समजा ५९ भरतं. बाहेरचं माप धरलं तर क्षेत्रफळ १४ टक्के जास्त येतं, आणि हीच चूक सगळ्यात जास्त होते. ५.९ सेंटिमीटरवरून क्षेत्रफळ २७.३ चौरस सेंटिमीटर, पाणी सेकंदाला ८.३ लिटर. या हिशेबाने ड्रम २४ सेकंदांत भरायला हवा.

मग ड्रम लावायचा आणि घड्याळ बघायचं. २३ ते २५ आलं तर छान. ड्रम २६ सेकंद घेतोय, म्हणजे हिशेबात पाणी जास्त आलं, तर आधी पाणसळ पुन्हा ठेवा. तोंड ५ अंश वर असलं, म्हणजे दोन मीटर पाइपाला १७ सेंटिमीटर चढ, तर धार ८ सेंटिमीटर पुढे पडते आणि वेग ६ टक्के फुगतो. ३० च्या पुढे गेला तर तोंडाशी वाकून बघा. पाइप वरच्या बाजूने रिकामा वाहत असेल, तर पूर्ण गोलाचं क्षेत्रफळ धरणंच चूक. तेव्हा टोकाला थोडा लहान रिड्यूसर (तोंड बारीक करणारा जोड) बसवून पाइप भरून वाहता करायचा, त्या रिड्यूसरचा आतला व्यास नव्याने मोजायचा, आणि उंचीपासून सगळी मापं पुन्हा घ्यायची.